शेपटाला बांधलेला देव

“धरा! अरं, धरा की मला कुनीतरी! ए नामा! मास्तर! मेलो, मेलो, मेलो!”

आवाज आभाळातून येत होता. ओढ्याच्या ऐन मध्यावर, दोन ताड उंच, एका वेताच्या डालग्यात सखारामतात्या बसले होते. बसले होते म्हणजे डालग्याच्या तळाशी मुटकुळं करून पडले होते. काठावरून त्यांच्या दोन मुठी तेवढ्या दिसत होत्या. खाली आषाढातला ओढा गढूळ लोंढे फेकत, धोंडे गडगडवत चालला होता. त्याच्या आवाजापुढे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागत होतं. पण तात्यांचं ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं. माझा अंदाज आहे, ते तोरण्याच्या माचीवरही पोचलं असावं.

“तात्या, खाली बघू नका!” मी ओरडलो.

“डोळं मिटल्यात म्या! मिटल्या डोळ्यांनीबी समदं दिसतंय!”

पलीकडच्या काठावर गोदाआई सुईण पदर खोचून उभी होती. तिनं तोंडाभोवती हात धरले. “सख्या! बरं वाटतंय का रं वर?”

हे सखारामतात्या म्हणजे वेल्ह्यापासून भोरापर्यंतच्या मुलखातले सर्वांत भित्रे गृहस्थ. पासलीच्या अलीकडे, ओढ्याच्या आतल्या अंगाला आमची वाडी होती. मी तिथं शाळामास्तर होतो. रुजू झालो त्या दिवशी तात्या माझ्या स्वागताला आले, ते शाळेच्या दारातच थांबले. आढ्याकडे बघून म्हणाले, “मास्तर, ह्या तुळईखाली बसत जाऊ नगा.”

“का? मोडली आहे का?”

“न्हाई. चांगली हाय. पर वर हाय न्हवं.”

जे वर आहे ते खाली येणार, या एका धास्तीवर त्यांचा सगळा संसार उभा होता. फणसाखालून जाताना ते डोक्यावर पाटी धरत, आणि फणस नसतानाच्या दिवसांतही धरत. बाजेवर बसत ते बरोब्बर मधोमध. शेजारी कुणी टेकलं की उठून बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसत. उजव्या खांद्यावर पिशवी घेतली तर डाव्या खांद्यावर तेवढ्याच वजनाचा धोंडा बांधून घेत. विंझरच्या बाजाराला ते गूळ आणायला गेले, तर गूळ आणि तेवढाच धोंडा घेऊन परतत. वाटेत गुळातला थोडा खाल्ला, की तेवढ्या मापाचा धोंडा शोधून बदलत. एसटी पहिल्यांदा वेल्ह्याला आली तेव्हा ते तिच्यात चढले, दोन्ही बाजूंची माणसं न्याहाळली आणि डाव्या बाजूच्या एका जाड्या वाण्याला उठवून उजवीकडे बसवलं. कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाले, “गाडी कलंडल. मग तुमी कुठं, आमी कुठं?” वाणी मुकाट्यानं बसून राहिला. भीती अशी चीज आहे, एकानं मनापासून धरली की दुसऱ्याला लागते.

ही विद्या त्यांनी भोरात मिळवली. संस्थान होतं तेव्हा ते तिथल्या एका कचेरीत शिपाई होते. मोठ्या घड्याळाची वजनं चढवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. साखळी ओढली की वजन वर जाई आणि मग आठवडाभर हळूहळू खाली येई. त्या वजनाला तात्या इतके भीत, की त्याच्याखाली त्यांनी पेंढ्याचं अंथरूण घातलं होतं आणि कुठल्याही साहेबाला तिथं उभं राहू देत नसत. संस्थान विलीन झालं, तात्या वाडीला परतले. येताना सामान काही नव्हतं, एक वाक्य मात्र घेऊन आले: “कायबी वर जाताना दिसलं, की आधी बघावं, खाली काय येतंया.” लग्नात, बारशात, ग्रामपंचायतीत, कुठंही ते हेच सांगत. लोक हसत. मीही हसे.

पण आमच्या वाडीत हसण्यासारखं नसलेलं एक होतं, तो ओढा. उन्हाळ्यात त्यात शेळीचं खूरही भिजत नसे. पावसाळ्यात मात्र तो वाडीचं दार बाहेरून लावून घेई. दरसाल साकव घालायचा आणि पहिल्याच लोंढ्यानं तो कानंदी नदीत नेऊन टाकायचा, असा रिवाज होता. दुकान पलीकडे, रस्ता पलीकडे, दवाखान्याची वाट पलीकडे, आणि गोदाआईही पलीकडे.

आदल्या पावसाळ्यात नामा गुरवाची भावजय, शेवंता, बाळंतपणात अडली. सांगावा जायला माणूस लागला नाही. बायकांनी काठावर येऊन पदर हलवले, तेवढ्यावर गोदाआई धावत आली. आली आणि काठावर थांबली. ती तिकडून ओरडून सांगत होती, काय करायचं ते. हातानं दाखवत होती. इकडं आम्ही कान देऊन उभे होतो आणि मधे ओढा बोलत होता, त्या दिवशी एरवीच्या दुप्पट भरलेला. एक शब्द ऐकू आला नाही. गोदाआई दिवसभर त्या काठावर भिजत, ओरडत उभी राहिली. इकडच्या बायका घराबाहेर येऊन खाली बसल्या, तेव्हा तिला कळलं. तीही खाली बसली. त्या दिवसाबद्दल मला वाढवून काही सांगता येत नाही.

आणि यंदा तात्यांची लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर तिचं विंझरला, सडकेच्या कडेला. तात्यांनी व्याह्यांच्या पायाशी पागोटं ठेवलं, “तिला हितंच राहू द्या.” पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. व्याही म्हणाले, “लोक काय म्हनतील?” तात्यांची आई, बयाआजी, तर भडकलीच. “माजी नात परक्याच्या घरी बाळंत व्हनार? आमी काय मेलो?” गोदाआईला आधीच आणून ठेवावं, तर ती एकटी आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या वाड्या डझनभर. चंद्रा आली. मागोमाग पाऊस आला. साकव गेला. त्या दिवसापासून तात्यांनी जेवणात ध्यान सोडलं. एरवी त्यांना हजार गोष्टींची भीती वाटायची. आता एकच उरली होती, आणि ती त्या हजारांपेक्षा मोठी होती.

देवळामागं जुन्या बगाडाचं शीड पडून होतं. शीड म्हणजे लांबच लांब सागाचं लाकूड. कुणाच्या तरी आज्याच्या काळी जत्रेत त्याच्या एका टोकाला नवसाचा माणूस टांगायचे आणि दुसरं टोक दोर लावून खाली ओढायचे, की माणूस हवेत. ते बंद झालं होतं, लाकूड उरलं होतं. तात्या त्या शिडाभोवती फेऱ्या घालू लागले. एक दिवस मला म्हणाले, “मास्तर, हे काठावर खांबावर बशिवलं तर? लांब टोकाला डालगं. आखूड शेपटाला वजन. फिरवायचं, गोदाआईला उचलायची, फिरवून आनायची.”

“फार छान,” मी म्हणालो. “वजन म्हणून धोंडे बांधू.”

तात्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ओढा अरुंद झाला होता अशी एकच जागा होती, आणि तिथं आमच्या काठाला खांबामागं लगेच कडा होता. शेपूट आखूडच ठेवावं लागणार. त्याला धोंड्यांची मोठी पाटी बांधली, तर फिरताना ती कड्यावर आपटणार. वजन भरपूर हवं, पण अंग लहान हवं. शिवाय वजन कुणाचं तोलायचं, तर गोदाआईचं! गोदाआई बैलगाडीत बसली की बैल मागं वळून बघायचे. एकदा ती कुणाच्या ओसरीवर बसली आणि घराचं दार आपोआप उघडलं. हे मी पाहिलेलं नाही. पण पाहिलेल्यानं सांगितलेलं आहे.

मग सुरू झाला जड वस्तूंचा शोध. आधी तात्यांनी ओढ्याची ओली वाळू गोणत्यात भरली. उघडीप पडली, ऊन आलं, गोणतं निथळलं आणि हलकं झालं. “पावसात येक, उनात येक,” तात्या म्हणाले. “असलं जावयावानी वजन मला नगं.”

मग कुणीतरी सांगितलं, शिसं सगळ्यांत जड. त्याच उघडिपीत पाणी उतरलं होतं, तेवढ्यात दोघांच्या आधारानं ओढा ओलांडून ते वेल्ह्याच्या बाजारात दुकानोदुकानी शिसं मागत फिरले. एका भोयानं जाळ्याचे दोन मूठ मणी दिले. बाकी दुकानदार कुजबुजले, “म्हातारा शिसं कशापायी गोळा करतोया? बंदुकीच्या गोळ्या ओततोय का काय?” ही कुजबुज हवालदारापर्यंत गेली. हवालदार गमतीनं म्हणाला, “बघायला पायजे एकदा.” ते वाक्य तात्यांपर्यंत आलं. तात्या दोन दिवस भाताच्या कणगीत बसून होते. बयाआजी वरून भाकरी टाकायची. हवालदार आलाच नाही. तोवर पाणी पुन्हा चढलं होतं; ओढा ओलांडायचा कसा, हा प्रश्न त्यालाही होताच.

शेवटी तात्यांना सडकेवरचा, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारा एक नालबंद आठवला. त्याच्या झोपडीमागं झिजलेल्या पत्र्यांचा ढीग गंजत पडला होता. तात्यांनी एका धनगराकरवी तो मागितला, नालबंदानं हसत दिला. धनगरानं जिवावर उदार होऊन पाणी जरा उतरलं तेव्हा पत्र्या डोक्यावरून आणल्या. गोणतं लहान, वजन मोठं, फुकट. तात्या त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. पण बांधून बघितलं तर कमीच. डालग्यात गोदाआईच्या ऐवजी भाताची पोती ठेवली, की शेपूट वर आणि पोती चिखलात.

“अजून पायजे,” तात्या म्हणाले. “लहान आनि जड. लई जड.” बोलता बोलता ते मागं वळले. त्यांची नजर देवळाकडे गेली होती.

आमचा म्हसोबा लहानसा, कलिंगडाएवढा, वाटोळा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं माखलेला. पण दसऱ्याला त्याला हलवायचा तर दोन गडी लागत. लोक म्हणत, देवाचं तेज भारी. तात्या देवळात गेले, मागच्या बाजूचा शेंदूर नखभर खरवडला आणि आत बघितलं. काळं लोखंड. वरच्या गडावरून कधीकाळी सुटलेला तोफेचा गोळा आमच्या रानात येऊन पडला होता आणि आमच्या पूर्वजांनी त्याला शेंदूर लावला होता.

तात्या बाहेर आले ते अंग चोरून. म्हणाले, “मास्तर, हाय. पर मला न्हाई जमनार. देवाला शेपटाला बांधायचं? माझा वंश बुडंल.”

“आणि नाही बांधला तर?”

तात्यांनी घराकडे बघितलं. खालच्या अंगाला, त्यांच्या घराच्या दारात, चंद्रा कमरेवर हात ठेवून उभी होती.

कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सगळी वाडी जमली. तात्या दाराबाहेर, कानांत बोटं घालून. कौल काही ऐकायचा नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. नामा गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून, अगदी देवाच्या उजव्या खांद्याला नाक लागेल इतका वाकून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात शेवंताचं नाव आलं, तेव्हा त्याचा श्वास जरा जोरात सुटला. उजवी पाकळी पडली. बयाआजी म्हणाली, “देवाची मर्जी.” मी नामाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

तर असा म्हसोबा बैलांच्या पत्र्यांसोबत गोणत्यात गेला. शीड उभं राहिलं. गोदाआई पलीकडे आली, सगळं न्याहाळून ओरडली, “आदी तू बस त्यात, सख्या! मग मी!”

तात्यांनी देवाच्या गोणत्याला नमस्कार केला, आईला केला, मला केला, आणि डालग्यात बसले. चौघांनी डालगं धरलं होतं. “सोडा,” मी म्हणालो, आणि आम्ही सोडलं. एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. तोल साधला होता गोदाआईसाठी. तात्या म्हणजे वाळका शेंगदाणा. शेपूट धाडकन खाली आलं, आणि तात्या बंदुकीतून सुटल्यासारखे आभाळात गेले. वाऱ्यानं शीड फिरलं, आणि पहिल्या ओळीत सांगितलं त्या जागी ते जाऊन पोचले.

“देव काढा!” नामा ओरडला. दोघांनी गोणतं सोडून म्हसोबाला बाहेर घेतलं. तात्या हळूहळू खाली आले, आम्ही त्यांना दोरानं काठाशी ओढलं.  डालग्यातून उतरल्यावर ते जमिनीवर पालथे पडले आणि दोन्ही हातांनी गवत धरून राहिले. पलीकडून गोदाआईचा आवाज आला, “व्हय रं सख्या, मी येवढी जड हाय?”

पुढं चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, चंद्राला कळा सुरू झाल्या.

रात्रभर पाऊस झोडपत होता. ओढा काठ खात होता. देव पुन्हा गोणत्यात बांधला, पदर हलवले, गोदाआई आली. शीड फिरवून, शेपूट उचलून धरून डालगं पलीकडे टेकवलं, ती बसली, आणि शीड आडवं झालं, तराजूच्या दांडीसारखं सरळ. नामा, मी आणि आणखी दोघं फिरवायच्या दोराला होतो. तात्या शेपटाशी. एक हात गोणत्याशेजारी लाकडावर, डोळे गच्च मिटलेले. गोदाआई पाण्यावर आली. तिच्या खालून एक अख्खं उंबराचं झाड वाहत गेलं. ती मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होती. आमच्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळलेल्या. 

म्हणून बयाआजीला कुणी पाहिलं नाही. ती पाण्याचा तांब्या आणि तेलाची वाटी घेऊन आली, लेकाच्या मिटल्या डोळ्यांसमोर गोणत्याची गाठ सोडली, देवाला पाणी घातलं, तेल चोळलं. तेलकट म्हसोबा गोणत्याच्या तोंडातून घरंगळला आणि धप्पकन खडकावर पडला.

शेपूट उसळलं. तिकडं डालगं खाली गेलं, पाण्याला टेकलं, बुडालं. गोदाआई कमरेपर्यंत लोंढ्यात. तिची किंकाळी मी अजूनही ऐकतो.  दोर आमच्या हातांची कातडी घेऊन सुटू लागला.

आणि तात्यांनी उडी मारली. जो माणूस स्टुलावर चढत नव्हता, त्यानं वर जाणाऱ्या शेपटाला मिठी मारली. हात गुंडाळले, पाय गुंडाळले, आणि बोंब ठोकली. ओढा, गोदाआई आणि तात्या, तिघांत तात्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांच्या वजनानं सगळं भागणार नव्हतं, पण डालगं पाण्यातून हातभर वर आलं. तेवढं पुरलं. आम्ही चौघांनी जीव खाऊन दोर ओढला, शीड फिरलं, आणि गोदाआई आमच्या काठावर येऊन आदळली. ती उठली, लुगडं पिळलंही नाही, शिव्या देत थेट तात्यांच्या घरात शिरली आणि दार लावून घेतलं.

नामा बयाआजीवर धावून गेला. “म्हातारे! आज काढायचा व्हता का देव?”

आजी शांतपणे तांब्या पुसत होती. “शनवार हाय. सकाळधरनं देव पारोसा लटाकलाय. तुमाला सुईन येतीया, पोर येतंया. त्याला आंघूळ कोन घालनार?”

पुढं तिथं पूल झाला, मग माझी बदली झाली. तात्या बरीच वर्षं जगले; पुलावरून जाताना ते अगदी मधून चालत आणि समोरून कुणी आलं तर थांबायला लावत, असं ऐकलं. पण मला ते आठवतात त्या शनिवारचे. दुपार कलल्यावर घरातून बाळाचा आवाज आला. सगळी वाडी दाराशी लोटली, हसली, रडली. गूळ वाटायला तात्यांना शोधू लागले, तर ते कुठंच नाहीत.

मी ओढ्याकडे गेलो. शेपूट कधीच जमिनीला टेकलं होतं. त्यावर तात्या पालथे, हातापायांनी मिठी घातलेली, अंगावरून पावसाचं पाणी वाहतंय, डोळे मिटलेले. मी शेजारी बसलो. खांद्यावर हात ठेवला.

“तात्या, चंद्रा सुटली. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. सोडा आता.”

तात्यांनी डोळे उघडले नाहीत.

“गोदाआईला माघारी जायाचं हाय,” ते म्हणाले.